माजी सैनिक, त्याचे मन आणि त्याची बंदूक

व्हिएतनामच्या युद्धावर जाऊन आलेला अमेरिकन शिपाई आज सत्तरीच्या घरात किंवा त्याच्याही पुढे गेलेला आहे. रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी अशा वयोमानाप्रमाणे येणाऱ्या व्याधी घेऊन तो माजी सैनिकांसाठी असलेल्या सरकारी रुग्णालयात जातो. परिचारिका त्याचे वजन करते, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेते आणि मग पडद्यावरची प्रश्नावली वाचून दाखवू लागते. गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही असे झाले काय? उदास वाटले काय? जगू नये असा विचार मनात येऊन गेला काय? उत्तरांवरून काळजीचे कारण दिसले तर पुढचा प्रश्न येतो, आणि तो म्हणजे घरात बंदूक आहे काय. येथे म्हातारा थबकतो. बंदूक आहे, कदाचित तीन-चार आहेत; तरीही पुष्कळदा तो 'नाही' असे सांगून मोकळा होतो. काही जण त्याच्याही आधीच्या प्रश्नांना 'नाही' म्हणतात, आणि काही जण तर असले प्रश्न विचारले जातात म्हणून त्या रुग्णालयाची पायरीच चढत नाहीत. या 'नाही'मागे काय आहे हे समजून घेतल्यावाचून अमेरिकेत गेली काही वर्षे चाललेला एक वाद नीट उमजणार नाही.

सरकारने नागरिकांना वैद्यकीय सेवा पुरवावी की नाही यावरून ज्या देशात निवडणुका लढवल्या जातात, त्याच देशात माजी सैनिकांसाठी मात्र संपूर्णपणे सरकारी अशी आरोग्यव्यवस्था आहे हे अनेकांच्या लक्षात येत नाही. रुग्णालय सरकारचे, डॉक्टर सरकारी पगारावरचा, औषधही सरकारी दुकानातले. युद्धात झुंजलेल्याची, त्याच्या विधवेची आणि अनाथ मुलांची काळजी राष्ट्राने वाहावी, हे अभिवचन लिंकनने १८६५ च्या मार्चमध्ये, यादवी युद्ध संपत आले असताना दिले होते. त्या अभिवचनाला १९३० मध्ये एका स्वतंत्र प्रशासनाचे रूप आले आणि १९८९ मध्ये त्या प्रशासनाला मंत्रिमंडळातील खात्याचा दर्जा मिळाला. आज या 'व्हेटरन्स अफेअर्स' खात्याची सुमारे १७० मोठी रुग्णालये आणि हजाराहून अधिक बाह्यरुग्ण केंद्रे आहेत. सुमारे पावणेदोन कोटी माजी सैनिकांपैकी नव्वद लाखांच्या आसपास लोक या सेवेत नाव नोंदवून आहेत.

याच खात्याचा एक वार्षिक अहवाल वाचवत नाही. २०२२ या एका वर्षात ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केल्या. म्हणजे दररोज सतराहून अधिक. त्यांपैकी सुमारे त्र्याहत्तर टक्के लोकांनी बंदुकीने जीव दिला. सैन्यात कधीच नसलेल्या अमेरिकन लोकांतही बंदुकीने होणाऱ्या आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याच्या वर आहे. पण माजी सैनिकांत ते याहून कितीतरी जास्त. याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. जवळजवळ निम्म्या माजी सैनिकांच्या घरी बंदूक आहे, आणि ती चालवण्याचे शिक्षण त्यांना सरकारनेच दिलेले आहे. दुसरी गोष्ट याहून अस्वस्थ करणारी आहे. जीव देणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे त्या सुमारास खात्याच्या रुग्णालयात उपचार घेतच नव्हती. जी यंत्रणा त्यांना वाचवण्यासाठी उभी केली, तिच्या दारापर्यंत ती पोहोचलीच नाहीत.

ती का पोहोचत नाहीत याची कारणे अनेक आहेत. अंतर आहे, प्रतीक्षायादी आहे, आणि 'मर्द गडी रडत नाही' ही सैन्यातली शिकवण तर आहेच. परंतु माजी सैनिकांच्या तोंडून वारंवार ऐकू येणारे एक कारण असे की, डॉक्टरला मनातले सांगितले तर बंदूक जाईल. हा समज बहुतांशी चुकीचा आहे, पण तो निराधार मात्र नाही. चुकीचा असूनही निराधार नसलेला समज दूर करणे हे सर्वांत कठीण काम असते, कारण तो खोडून काढणाऱ्याला आधी त्यातला खरा भाग कबूल करावा लागतो.

खरा भाग असा आहे. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनी हादरलेल्या अमेरिकेने १९६८ मध्ये बंदूक नियंत्रणाचा कायदा केला. कोणी बंदूक बाळगू नये याची यादी त्यात आहे. गुन्हेगार आहेत, फरारी आहेत, आणि 'मानसिकदृष्ट्या सदोष' असा निर्णय ज्यांच्याविषयी दिला गेला आहे किंवा ज्यांना मनोरुग्णालयात सक्तीने ठेवले गेले आहे असे लोकही आहेत. 'मानसिकदृष्ट्या सदोष' हा शब्दप्रयोग आज कोणताही डॉक्टर वापरणार नाही, परंतु कायद्याच्या पुस्तकात तो तसाच राहिला. १९९७ मध्ये केंद्र सरकारच्या नियमांत त्याची व्याख्या करण्यात आली. स्वतःला किंवा इतरांना धोका असलेला माणूस तीत बसवला गेला, आणि त्याच्या जोडीला स्वतःचे व्यवहार सांभाळण्याची मानसिक क्षमता नसलेला माणूसही बसवला गेला. पुढल्याच वर्षी, नोव्हेंबर १९९८ पासून, बंदूक विकत घेणाऱ्याची पार्श्वभूमी तत्काळ तपासणारी राष्ट्रीय यंत्रणा सुरू झाली आणि तिला नावे पुरवण्याची पाळी निरनिराळ्या सरकारी खात्यांवर आली.

आता माजी सैनिकांच्या खात्यात रुग्णालयांची एक शाखा आहे तशीच निवृत्तिवेतन आणि भरपाई वाटणारी दुसरी शाखा आहे. एखाद्याला आलेला पैसा सांभाळता येत नसेल, म्हणजे तो विसरत असेल, कोणी त्याला लुबाडत असेल किंवा आजारामुळे हिशेब उमजत नसेल, तर ही दुसरी शाखा त्याला आर्थिक बाबतीत अक्षम ठरवून त्याच्यासाठी एक विश्वस्त नेमते. बहुधा बायको, मुलगी, भाऊ यांपैकी कोणी. व्यवस्था चांगल्या हेतूची आहे. मात्र हा निर्णय न्यायाधीश देत नाही, कार्यालयातला अधिकारी कागदपत्रे पाहून देतो. आणि वर सांगितलेल्या व्याख्येचा आधार घेऊन खाते अशा प्रत्येकाचे नाव त्या राष्ट्रीय यंत्रणेकडे धाडत गेले. अडीच लाखांहून अधिक नावे अशा रीतीने गेली. केंद्रीय खात्यांकडून मानसिक कारणासाठी कळवल्या गेलेल्या नावांत बहुतांश नावे या एकाच खात्याची होती. त्यांत स्मृतिभ्रंश झालेले म्हातारे होते, डोक्याला मार लागलेले इराकवरून परतलेले तरुण होते, इतकेच नव्हे तर कधीही हाती बंदूक न धरलेल्या सैनिकांच्या विधवाही होत्या.

कचेरीत आयुष्य घालवलेल्या वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. एका टेबलावर एका कारणासाठी लिहिलेला शेरा दुसऱ्या टेबलावर जातो आणि तेथे त्याचा अर्थ निराळाच होऊन बसतो. 'याला खातेवही सांभाळता येत नाही' असे एकाने लिहिले. दुसऱ्याने वाचले, 'हा धोकादायक आहे'. शेरा लिहिणाऱ्याच्या मनात तसे काही नव्हते आणि वाचणाऱ्याला खुलासा विचारण्याची सोय नव्हती. ज्याच्याविषयी शेरा, त्याला एक पत्र गेले. तुम्हांला अक्षम ठरवण्याचा आमचा विचार आहे, तसे झाल्यास बंदूक बाळगणे हा तुमच्यासाठी गुन्हा होईल, काही म्हणणे असल्यास साठ दिवसांत कळवा. ज्याला हिशेब उमजत नाही म्हणून हे सारे चालले आहे, त्याने ते पत्र वाचून साठ दिवसांत कायदेशीर उत्तर द्यायचे. असे एक पत्र गावात आले की त्याची बातमी शंभर घरांत जाते, आणि शंभरांपैकी नव्याण्णव जणांना निवृत्तिवेतनाची शाखा आणि रुग्णालयाची शाखा यांतला फरक ठाऊक नसतो. त्यांच्या लेखी खाते एकच. मग परिचारिकेचा प्रश्न आणि ते पत्र यांची सांगड घातली जाणारच.

वस्तुस्थिती अशी आहे की युद्धाच्या आघाताने जडणारा मनोविकार किंवा नैराश्य एवढ्या निदानावरून कोणाचेही नाव यादीत जात नव्हते. डॉक्टरला दिलेल्या उत्तरावरूनही ते जात नव्हते. यादीत नाव जाण्याचा रस्ता पैशाच्या टेबलावरून होता. तपासणीच्या खोलीतून तो नव्हता. परंतु हे सांगणारे पत्रक कितीही छापले तरी त्याच्यावर शिक्का त्याच खात्याचा असतो.

या व्यवस्थेविरुद्ध तक्रारी जुन्या आहेत. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एप्रिल २००७ मध्ये बत्तीस जणांची हत्या झाल्यावर पार्श्वभूमी तपासणीची यंत्रणा बळकट करणारा कायदा झाला, तेव्हा यादीतून नाव काढून घेण्यासाठी अर्ज करण्याची सोयही ठेवण्यात आली. तिचा लाभ फारच थोड्यांना मिळाला. ओबामांच्या कारकीर्दीअखेर, डिसेंबर २०१६ मध्ये, सामाजिक सुरक्षा खात्यालाही असाच नियम लावण्यात आला होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये काँग्रेसने आणि नव्या अध्यक्षांनी तो रद्द केला. माजी सैनिकांबाबतचा जुना शिरस्ता मात्र चालूच राहिला. शेवटी मार्च २०२४ मध्ये खर्चाच्या विधेयकात एक कलम घालण्यात आले. अमुक माणूस स्वतःला किंवा इतरांना धोका आहे असा न्यायाधीशाचा किंवा न्यायिक अधिकाऱ्याचा आदेश असल्याशिवाय, केवळ विश्वस्त नेमला एवढ्यावरून नाव कळवण्यासाठी खात्याने पैसा खर्च करू नये, असे त्या कलमाचे तात्पर्य. एका मूलभूत हक्काचा प्रश्न खर्चाच्या विधेयकातल्या एका कलमाने सोडवायचा, हे त्या देशाच्या संसदीय पद्धतीचे एक वैशिष्ट्यच म्हणायचे. पूर्वी यादीत गेलेली नावे या कलमाने आपोआप निघाली नाहीत, ती गोष्ट वेगळीच.

या बदलाचे तत्त्व मला मान्य आहे. पैसे मोजता न येणे आणि जीव घेण्यास प्रवृत्त होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कोणाचा हक्क काढून घ्यायचा असेल तर तो न्यायाधीशासमोर, त्याचे म्हणणे ऐकून, पुरावा तपासून काढावा. बंदूक बाळगण्याचा हक्क हा १७९१ च्या घटनादुरुस्तीने दिलेला व्यक्तिगत हक्क आहे असा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला आणि मनोरुग्णांवरील जुनी बंधने त्यामुळे संशयास्पद ठरत नाहीत असेही त्याच निवाड्यात म्हटले. तो हक्क शहाणपणाचा आहे काय, हा स्वतंत्र वाद आहे. माझ्यापुरते मी त्याचे उत्तर 'नाही' असे देईन. परंतु हक्क आहे तोवर तो कारकुनी निर्णयाने जाता कामा नये, आणि देशासाठी लढलेल्यांच्याच बाबतीत तर मुळीच नाही.

मात्र २०२४ मध्ये हे कलम संमत झाल्यावर ज्यांनी विजयोत्सव केला त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्या ६,४०७ माणसांचे काय, याविषयी फारसे सांगितले नाही. येथे त्या म्हाताऱ्याच्या घरातल्या बंदुकीकडे पुन्हा यावे लागते. आत्महत्या करणारा माणूस ती करणारच, एक साधन काढून घेतले तर दुसरे शोधील, असे पुष्कळांना वाटते. अनुभव नेमका याच्या उलट आहे. इंग्लंडमध्ये घरोघरी स्वयंपाकासाठी येणारा कोळशाचा विषारी वायू १९६० नंतरच्या काळात बदलून नैसर्गिक वायू आला, तेव्हा आत्महत्यांची एकूण संख्याच घटली. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये तरुण सैनिकांनी आठवड्याच्या सुटीवर जाताना शस्त्र छावणीतच ठेवावे असा नियम केला. सैनिकांच्या आत्महत्या सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाल्या. श्रीलंकेने जहाल कीटकनाशकांवर १९९५ पासून टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तेथील आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याखाली आले. विदर्भातील शेतकऱ्याच्या झोपडीत कोनाड्यात ठेवलेला औषधाचा डबा आठवला की यातले मर्म आपल्याला वेगळे समजावून द्यावे लागत नाही. मरणाची तीव्र इच्छा अनेकदा थोड्या वेळापुरती येते आणि जाते. ती वेळ टळली आणि माणूस वाचला तर दहांपैकी नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. बंदूक ही वेळ टळू देत नाही, कारण बंदुकीने केलेल्या प्रयत्नांपैकी दहांपैकी नऊ सफल होतात.

म्हणून डॉक्टरने तो प्रश्न विचारलाच पाहिजे. त्यालाही अमेरिकेत विरोध झालेला आहे. फ्लॉरिडा राज्याने २०११ मध्ये डॉक्टरांनी रुग्णाला बंदुकीविषयी विचारू नये असा कायदाच केला होता. तो डॉक्टरांच्या भाषणस्वातंत्र्यावर आघात करतो असे सांगून केंद्रीय अपील न्यायालयाने २०१७ मध्ये त्यातील मुख्य तरतुदी रद्द केल्या. सैन्यातली कथा याहून उद्बोधक आहे. २०११ च्या संरक्षण कायद्यात, सैनिकाच्या खाजगी बंदुकीची माहिती अधिकाऱ्यांनी गोळा करू नये अशी तरतूद घालण्यात आली. तेव्हा छावण्यांमध्ये आत्महत्यांची संख्या वाढत होती आणि ज्याच्याविषयी काळजी वाटते त्या शिपायाला 'घरी बंदूक आहे का' एवढे विचारायचीही वरिष्ठांना चोरी झाली. दोन वर्षांत काँग्रेसला ती तरतूद सैल करावी लागली. धोक्याचे सयुक्तिक कारण दिसत असेल तर अधिकाऱ्याला आणि मानसोपचारतज्ज्ञाला विचारता येईल, असे ठरले. मौनाचा कायदा करणे सोपे असते. त्याची किंमत मोजायची वेळ कायदा करणाऱ्यांवर येत नाही.

न्यायाधीशाच्या हाती निर्णय दिला म्हणजे सर्व काही साधले, असेही नाही. २५ ऑक्टोबर २०२३ रोजी मेन राज्यातील लुइस्टन गावी सैन्याच्या राखीव दलातील एका माणसाने अठरा जणांना ठार मारले. त्याचे वागणे बिघडल्याचे त्याच्या घरच्यांनी आणि सहकाऱ्यांनी ओळखले होते. त्याच वर्षीच्या जुलैत तो सुमारे दोन आठवडे मनोरुग्णालयात होता. बंदुका काढून घेण्यासाठी राज्यात कायदा होता, न्यायालय होते. स्थानिक शेरीफच्या कार्यालयाला कारवाई करण्याइतका आधार होता असे चौकशी आयोगाने पुढे म्हटले. पण प्रत्येकाला वाटले की दुसरा कोणी करील. धोका दिसताच न्यायालयाकडे जाण्याचे असे कायदे कनेक्टिकटने १९९९ पासून आणि फ्लॉरिडाने २०१८ पासून चालवले आहेत, आता वीसहून अधिक राज्यांत ते आहेत. कनेक्टिकटच्या अनुभवाच्या अभ्यासावरून, दर दहा ते वीस जप्त्यांमागे एक जीव वाचला असावा असा अंदाज निघाला. हा रस्ता मला पसंत आहे. त्यात न्यायाधीश आहे, मुदत आहे, आणि मुख्य म्हणजे प्रश्न धोक्याचा विचारला जातो, खातेवहीचा नव्हे.

पण माजी सैनिकाची बंदूक म्हणजे काय हे न जाणता त्याच्याशी बोलू पाहणाऱ्याला यश येणार नाही. आपल्याकडे साताऱ्याचा जवान पलटणीतून घरी येतो तेव्हा शस्त्र पलटणीतच राहते. पुढे तो बँकेच्या दारात दुनळी घेऊन उभा राहिला तरी ती नोकरीची बंदूक असते. अमेरिकेत ती ओळखीचा भाग आहे, मैत्रीचाही आहे. इराक युद्धातला नामांकित नेमबाज ख्रिस काइल हा मनाने खचलेल्या माजी सैनिकांना शूटिंग रेंजवर नेत असे. बंदुकीच्या संगतीत ते मोकळे बोलतात असा त्याचा अनुभव होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये अशाच एका सोबतीने टेक्सासमध्ये त्याला आणि त्याच्या मित्राला ठार केले. या घटनेवरून बंदुकीची संगत वाईट असा सरळ निष्कर्ष काढता येईल. पण काइलला जे कळले होते ते रुग्णालयांना पुष्कळ उशिरा कळले, हेही त्यातून दिसते. न्यू हॅम्पशायरमध्ये २००९ साली एकाच दुकानातून आठवड्याभरात बंदूक विकत घेतलेल्या तिघांनी आत्महत्या केल्या, तेव्हा त्या दुकानदाराने डॉक्टरांबरोबर बसून गिऱ्हाइकाची अवस्था कशी ओळखावी याची पत्रके तयार केली. पुढे अनेक राज्यांत दुकानदार अडचणीच्या दिवसांत मित्राची बंदूक ठेवून घेऊ लागले. मित्राकडे ठेवलेली बंदूक परत मिळते. सरकारकडे गेलेली मिळेल याची खात्री नाही, निदान त्या म्हाताऱ्याला तरी ती वाटत नाही.

आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात एक वाक्य आहे, ज्याची फारशी चर्चा कधी झाली नाही. एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो विकल मनाचा ठरत नाही, सक्षम न्यायालयाने तसे ठरवलेले असले पाहिजे, असा त्याचा आशय आहे. १९५९ च्या आपल्या शस्त्र कायद्यात परवाना नाकारण्याच्या कारणांत विकल मनाचा उल्लेख आहेच. बंदूक हा हक्क नसून जिल्ह्याच्या कचेरीतून मिळणारा परवाना आहे, अशी आपली स्थिती; तरीही आजार आणि अक्षमता यांतली रेघ आपण कायद्यात ओढली. अमेरिकेने ती ओढायला १९६८ पासून २०२४ पर्यंतचा काळ घेतला आणि तीही खर्चाच्या विधेयकात ओढली.

उरतो तो विश्वासाचा प्रश्न, आणि तो कलमाने सुटणारा नाही. माजी सैनिकांच्या खात्याने आता आपल्या दोन शाखांतली भिंत त्या रुग्णाला दिसेल अशी बांधली पाहिजे. तुमच्या उत्तराचे काय होईल, ते कोण वाचील, कोण वाचणार नाही, हे प्रश्न विचारण्यापूर्वी परिचारिकेने तोंडाने सांगितले पाहिजे, मागून छापील कागदाने नव्हे. ते होईपर्यंत खात्याने एक साधी गोष्ट चालवली आहे. बंदुकीतून ओवता येईल असे तारेचे कुलूप ते माजी सैनिकांना फुकट देते, आणि अनेक ठिकाणी ती कुलुपे टोपलीत भरून दाराशी ठेवलेली असतात. नाव विचारले जात नाही, नोंद होत नाही. घरात बंदूक नाही असे आत सांगून आलेली माणसेही जाताना त्यातले एक उचलून नेतात.